यमूच्या वजनाचं मीठ

धर्माजी मापारी गेल्याची बातमी आली तेव्हा मी कल्याणच्या आमच्या घरी ओटीवर बसून नातवाच्या पायांना तेल चोळीत होते. फाल्गुन संपत आला होता, ऊन चांगलंच तापू लागलं होतं. दारात धर्माजीचा मुलगा नारायण उभा राहिला. त्याच्या खांद्यावर जाडजूड गाठोडं होतं. ठाण्याहून गाडीनं कल्याणपर्यंत आणि ठेसनापासून इथवर पायी ते ओझं घेऊन आला होता, म्हणून घामानं डबडबलेला. मी हसून विचारलं, "काय रे, धर्माजीनं कोहळा पाठवला की काय?" त्यानं गाठोडं हळूच खाली ठेवलं, पागोटं काढलं आणि म्हणाला, "बाबा गेला, बाय. तेरावं उरकलं नि निंगालो." ...माझ्या हातातली तेलाची वाटी तशीच राहिली. नातवानं ती पालथी घातली आणि त्या तेलात दोन्ही तळवे आपटायला लागला. नारायणानं सांगितलं की म्हातारा सकाळी भाकरी खाऊन, तराजूच्या साखळ्या पुसून, जरा पडतो म्हणाला आणि उठलाच नाही. आदल्या दिवशी भाजीवालीशी दुधी कमी भरला म्हणून तासभर भांडला होता आणि जिंकला होता. हे ऐकून मला रडू आलं नि त्या रड्यातच हसूही आलं. जन्मभर दुसऱ्याचं वजन नीट भरावं म्हणून भांडणारा माणूस शेवटचं भांडण जिंकून गेला, याचं मला फार बरं वाटलं.

वर्तमानपत्राच्या या पुरवणीत मोठमोठ्या लोकांच्या आठवणी येतात. धर्माजी काही मोठा नव्हता. ठाण्याच्या खाडीकाठी, कोपरीच्या पलीकडे मिठागरं आहेत, तिथं सरकारी काट्यावर मीठ तोलणारा तो एक आगरी मापारी. पण माझी यमुना आज कडेवर मूल घेऊन माझ्यासमोर वावरते आहे आणि तिच्या लहानपणीचं ते दीड वर्ष मी वेड न लागता काढलं, ते कोणामुळे, हे मला लिहून ठेवायचं आहे. मला लिहिता-वाचता यावं अशी इकडची, म्हणजे यमूच्या वडिलांची, हौस होती म्हणून ही अक्षरं गिरवली गेली. आता ती धर्माजीच्या उपयोगी पडताहेत. नारायणाच्या गाठोड्यात काय होतं तेही सांगेन, पण आधी बाकीचं सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येणार नाही.

इकडची नोकरी मिठाच्या खात्यात. मिठागराला लागूनच आम्हाला राहायला घर होतं. घरात मी, सासूबाई आणि स्वारी. समोर खारी जमीन, पांढरे ढीग आणि वारा. त्या घरात येण्याआधी माझा पहिला मुलगा आठ महिन्यांचा होऊन गेला होता. तो काही एकाएकी गेला नाही. हळूहळू वाळत गेला, आणि मला ते दिसलंच नाही. रोज न्हाऊ घालीत होते, रोज त्याच हातांनी पुसत होते, तरी दिसलं नाही. माहेरहून आई आली, तिनं पाळण्यात डोकावलं आणि तिचं तोंड उतरलं, तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. आणि मग उशीर झाला होता. त्यानंतर यमू झाली, तेव्हा आनंदापेक्षा मला भीतीच जास्त वाटली. रोज डोळ्यांसमोर असलेलं पोर वाळतंय की वाढतंय हे आईला कसं कळावं? हा एकच प्रश्न मी उठताबसता स्वतःला विचारीत असे.

आणि यमूनं तरी मला सुखानं राहू द्यावं की नाही! सगळं उशिरा. पालथी पडली ती सहाव्या महिन्यात, तीही चुकून. रांगली तर नाहीच. बसल्या जागेवरून एक पाय मुडपून, एक हात टेकून, ढुंगणावर घसरत जायची. एखादी म्हातारी देवळात गर्दीतून पुढे सरकते ना, तशी. चौदा महिन्यांची झाली तरी उभी राहायचं नाव नाही. आमच्या शेजारी मिठाच्या दारोगांचं बिऱ्हाड होतं. त्यांचा नातू नवव्या महिन्यात चालला होता, आणि त्याची आई रोज त्याला आमच्या अंगणातून चालवून न्यायची. वाट काही आमच्या अंगणातून नव्हती. सासूबाईंनी वैद्याच्या गुट्या उगाळल्या, मारुतीला तेल घातलं, सुताराकडून पांगुळगाडा करून आणला. यमूनं तो गाडा आडवा पाडला आणि त्याचं चाक फिरवीत दुपारभर बसून राहिली. स्वारी म्हणाली, "ही चालणार नाही, ही पुढे रेल्वेत जाणार." सासूबाईंनी मुलाकडे असं पाहिलं की स्वारी मान खाली घालून भात कालवू लागली.

धर्माजी कामाचं काही विचारायला अंगणात यायचा. साठीला टेकलेला, काळाभोर, हाडापेरानं रुंद, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. काहीही दिसलं की ते हातात घेऊन तोलायची त्याला खोड होती. ओटीवरचा पाटा, सासूबाईंची मांजर, इकडची कायद्याची पुस्तकं... हातात धरायचा, जरा झुलवायचा, आणि एक शब्द बोलायचा, "भरलं," किंवा "हलकं." पुस्तकांना तो "हलकं" म्हणाला याचा राग स्वारीच्या मनात बरेच दिवस होता. त्या दिवशी मी सासूबाईंजवळ माझं तेच रडगाणं गात होते, की पोर वाढतंय का नाही मला समजत नाही, माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास राहिला नाही. धर्माजी पायरीशी उभा होता. जाता जाता थांबला आणि म्हणाला, "डोला फसवतो, बाय. दांडी नाय फसवीत."

सासूबाई उसळल्याच. पोराला तराजूत घालायचं? मूल काय वांगी-बटाटे आहे? वजन तोंडानं उच्चारलं की दृष्ट लागते, आणि वाढ तिथंच खुंटते, हे त्यांनी त्याला दोन वेळा सांगितलं. माझाही जीव दचकला, कारण घरोघरी हेच मानत. धर्माजी गेला. दुसऱ्या दिवशी बांबूंची तिपायी, साखळ्यांचा जुना तराजू आणि फळ्यांची दोन पारडी डोक्यावर घेऊन हजर. हा तराजू त्याचा स्वतःचा, बापाच्या वेळचा. अंगणात तो उभा केला आणि सासूबाईंपुढे हात जोडून म्हणाला, "मायबाय, मी पोरीला तोलीत नाय. मी मीठ तोलताव. पोर नुसती वजनाच्या जागी बसल. आकडा कोन बोलनार नाय. आनि मिठाला दृष्ट लागतंय कुटं? मीठ तर दृष्ट काढतंय." सासूबाई विचारात पडल्या. दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या लागतात, मग मिठाशेजारी दृष्ट येईलच कशी, हा हिशेब त्यांना पटला. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मीठ स्वच्छ घ्या हो." म्हणजे परवानगी मिळाली.

आता मीठ कुठलं घ्यायचं यावरून गंमत झाली. दारासमोर मिठाचे डोंगर, पण आगरातून परवान्याशिवाय चिमूटभरसुद्धा मीठ बाहेर काढायला बंदी. त्यातून स्वारी त्याच खात्यातली आणि प्रामाणिकपणात कडक. शेवटी मिठागरात राहणारी स्वारीच पिशवी घेऊन ठाण्याच्या बाजारात गेली आणि वाण्याकडून मीठ विकत घेऊन आली. वाणी ओळखीचा होता, तो हसून हसून बेजार झाला. परत येताना आगराच्या शिपायानं खांद्यावरची मिठाची पिशवी पाहून यांनाच अडवलं, ते वेगळंच. घरी येऊन पिशवी धपकन टाकली आणि म्हणणं पडलं, "मुलीला म्हणावं, चालायचं तर लवकर चाल. मला पुन्हा जमायचं नाही."

तर असं सुरू झालं. एका पारड्यात यमू बसायची, अंगठा चोखीत, राणीसारखी. दुसऱ्या पारड्यात मांजरपाटाची पिशवी. पहिल्या दिवशी दांडी सरळ होईपर्यंत पिशवीत मीठ घातलं, तोंड बांधलं, आणि सासूबाईंनी ती तांब्याच्या घंगाळात घालून देव्हाऱ्याखाली ठेवली. पुढच्या पौर्णिमेला धर्माजी आला. पुन्हा यमू एकीकडे, पिशवी एकीकडे. यमूचं पारडं खाली गेलं आणि माझा श्वास मोकळा झाला. मग दांडी सरळ होईतो धर्माजी आपल्या मुठीनं मीठ टाकायचा. मूठ त्याचीच, दुसऱ्या कोणाची चालायची नाही, कारण मूठ बदलली की माप बदललं. पहिली मूठ टाकताना मोठ्यानं म्हणायचा, "लाभ!" मापारी लोक 'एक' म्हणत नाहीत, मोजणीची सुरुवात 'लाभ' म्हणून करतात. मग दोन. कधी महिन्याला दीड मूठ, कधी नुसती एक. माघात लाभ, फाल्गुनात दोन, चैत्रात लाभ नि वर चिमूट. मला पोरीचं वजन शेवटपर्यंत कळलं नाही, पण या महिन्यात माझी मुलगी धर्माजीच्या एका मुठीनं वाढली, हे कळायचं. तेवढ्यावर मी महिनाभर जगायची. चालण्याबोलण्याचं विचारलं तर तो म्हणायचा, "सरकंते ना? पोचते ना? मग कसली कालजी. पाय कुटं जात नाय."

मृग लागला तसं मीठ पिकवणं बंद झालं आणि धर्माजी शिळेच्या वाटेवरच्या आपल्या गावी भाताच्या आवणीला निघून गेला. दोन पौर्णिमा चुकल्या. मी दिवस मोजीत होते. यमू वीस महिन्यांची झाली होती, अजून उभी नव्हती, अजून एक शब्द बोलत नव्हती. सासूबाई तिच्या जिभेवर वेखंड उगाळून लावायच्या आणि ती त्याच जिभेनं तो थुंकायची. नारळी पौर्णिमेला धर्माजी इरलं पांघरून, नारळ घेऊन आला. मी धावत घंगाळ आणलं. पडवीत तिपायी उभी केली. यमूला पारड्यात बसवलं, पिशवी दुसऱ्यात ठेवली.

यमूचं पारडं वर गेलं.

मी बघतच राहिले. धर्माजीनं दांडी धरली, सोडली. पारडी बदलून पाहिली. साखळ्या झटकल्या. पुन्हा तेच. पिशवी जड, पोर हलकी. म्हणजे दोन महिन्यांत वाढली तर नाहीच, उलट घटली. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मला त्या क्षणी माझ्या पहिल्या बाळाचा पाळणा दिसला, आणि आईचं उतरलेलं तोंड. मी इतक्या जोरात यमूला छातीशी धरलं की ती किंचाळली. धर्माजी "पुन्ना बगू" असं काहीतरी पुटपुटला आणि पावसात चालू लागला. इरलं आमच्या पडवीतच राहिलं.

पुढचे चार दिवस मला आठवले तरी कसंतरी होतं, आणि आता हसूही येतं. मी त्या पोरीला भरवण्याचा सपाटा लावला. तूप-भात, केळं, पेज, पुन्हा तूप-भात. तिसऱ्या दिवशी तिनं ते सगळं माझ्या अंगावर परत दिलं. स्वारी तिला ठाण्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तिला उलटसुलट केलं, गुडघ्यावर टिचक्या मारल्या, आणि सांगितलं की मुलगी गुटगुटीत आहे, काही मुलं उशिरा चालतात, घरी जा. स्वारी खूश होऊन आली. मी मात्र विश्वास ठेवला नाही. डॉक्टरांनी तिला डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि डोळे फसवतात हे मला धर्माजीनंच शिकवलं होतं. मी दिवसातून दहादा तिचे दंड चाचपून पाही. दारोगांची सून मुलाला घेऊन अंगणातून गेली तेव्हा मी तोंड फिरवून आत निघून गेले, आणि आत जाऊन रडले.

पाचव्या दिवशी सकाळी पावसातून धर्माजीची बायको आली. चांगुणा. तिला मी त्याआधी दोनदाच पाहिलं होतं. नवऱ्याच्या निम्मी, पण आवाज दुप्पट. मागून धर्माजी, मान खाली घालून, शाळेत मार खायला निघाल्यासारखा. तिनं पडवीत पाय ठेवताच विचारलं, "मीठ कुटं ठेवलंय, दाखवा." मी घंगाळ पुढे केलं. तिनं पिशवीचं तोंड सोडलं, मनगटापर्यंत हात आत घातला, मूठ भरून बाहेर काढली आणि आमच्या सगळ्यांच्या समोर दाबली. बोटांच्या फटींतून पाणी ठिबकू लागलं. "बग!" ती नवऱ्यावर ओरडली. "चालीस वरसं मीठ मापतोस! पावसात मीठ पानी पितंय ह्ये तुला कोन सांगायचं, मी? चार दिस यो मानूस जेवला नाय, बाय. पोर वाललं, पोर वाललं, म्हनून कपाल धरून बसला. मी इचारलं, मीठ कुटलं? तर बोलतो, देवाखाली ठेवलेलं, ज्येष्ठापासून. अरे येड्या!"

सासूबाईंनी ते ठिबकतं पाणी वाकून पाहिलं. मग सासूबाई हसायला लागल्या. मी त्यांना तोवर तशा हसताना कधी पाहिलं नव्हतं, पदरात तोंड घालून, खांदे हलवीत. मीठ दोन महिने पावसाची हवा पीत बसलं होतं आणि तांब्याच्या घंगाळातून थेंबही बाहेर गेला नव्हता. पोर घटली नव्हती, पिशवी फुगली होती. गंमत ही की रोजच्या कामात ओल्या मिठाची तूट धरण्यात धर्माजीचा हात धरणारा सबंध खाडीकाठावर नव्हता. ओलं मीठ मुठीत घेऊन तो सांगायचा, यात एवढं पाणी. पण या एका पिशवीपुढे त्याला तेही सुचलं नाही. तो पायरीवर बसला, पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले आणि मला म्हणाला, "दांडीची चूक नाय, बाय. माजी हाय. मी घाबरलो." आमच्या घरात एवढ्या मोठ्या पुरुषानं 'मी घाबरलो' असं तोवर कधी म्हटलं नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं, की मी एकटीच घाबरत नव्हते. त्याच्या घरी, शिळेच्या वाटेवर, आणखी एक माणूस माझ्या मुलीसाठी चार दिवस उपाशी होता.

मग आम्ही चौघांनी मिळून ते मीठ भाजलं. मोठ्या कढईत थोडं थोडं घालून, परतून, चांगुणेच्या देखरेखीखाली. दुपारपर्यंत स्वयंपाकघरात मीठ तडतडत होतं आणि आमचे डोळे झोंबत होते. जेवणवेळ टळून गेली होती, स्वारी आली आणि पान मांडलेलं नाही पाहून ओटीवर जाऊन बसली. मीठ गार झाल्यावर पिशवी बांधली आणि तराजू पुन्हा लावला. यमूचं पारडं असं खाली गेलं की टेकलंच. "लाभ!" धर्माजी ओरडला. "दोन! ...तीन!" तिसरी मूठ पडल्यावर दांडी सरळ झाली. चांगुणेनं यमूच्या तोंडावरून बोटं ओवाळून स्वतःच्या कानशिलावर कडाकड मोडली. त्या दिवशी धर्माजी आमच्या पडवीत बसून चार माणसांचं जेवला.

तिचं चालणंही त्या तराजूतच झालं. दसऱ्याच्या सुमारास धर्माजी पुन्हा कामावर आला. हल्ली तो वजनाशिवायही तराजू उभा करून तिला पारड्यात बसवायचा, कारण झुलायला तिला आवडे. फळी हलायची, ती घाबरून साखळ्या धरायची. एक दिवस तिनं साखळ्या धरल्या आणि स्वतःला वर ओढलं. पारडं झुलतंय, आणि ही त्यात उभी, पाय फाकवून, सगळे दात दाखवीत. मी उंबऱ्यात. मला हाक मारायचंही सुचेना. धर्माजीनं दुसरं पारडं हातानं दाबून धरलं. पाच-सहा दिवस ती अशी तराजूतच उभी राहात होती. खाली ठेवली की बसायची. शेवटी धर्माजीनं पारडं जमिनीला टेकवलं, समोर दोन हातांच्या अंतरावर बसला आणि मूठ पुढे करून म्हणाला, "ये, मीठ देताव." ती साखळी सोडून निघाली. दोन पावलं, तिसरं डगमगतं, आणि त्याच्या अंगावर. दारोगांची सून त्याच वेळी अंगणातून जात होती. सासूबाईंनी तिला मुद्दाम थांबवून पेढा दिला.

बोलण्याची तऱ्हा तर विचारूच नका. स्वारी म्हणे ती आधी 'बाबा' म्हणेल, मला खात्री होती की 'आई' म्हणेल. सासूबाईंना वाटे देवाचं नाव येईल. दोन वर्षांची झाल्यावर एके सकाळी ती अंगणात वाटीनं वाळू उपसून ढीग करीत होती. पहिली वाटी उलथली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "लाभ!" आम्ही तिघंही धावलो. दुसरी वाटी उलथली. "लाभ!" तिसरी, "लाभ!" दोनवर जायला तिची मुळी तयारीच नव्हती. पुढचा महिनाभर भात लाभ, कावळा लाभ, आजी लाभ. स्वारी थोडी खट्टू झाली खरी, पण संध्याकाळी धर्माजीला ही बातमी सांगायला आपणहून काट्यावर गेली. धर्माजीनं ती ऐकली, आणि म्हणे, तोलता तोलता त्याची मोजणी चुकली. त्यानं सबंध ढीग पुन्हा तोलायला लावला.

यमू अडीच वर्षांची असताना आमची बदली कल्याणला झाली. निघायच्या आधी, चैत्रात, शेवटचं वजन झालं. पोरीला आता पारड्यात बसवणं अवघड, ती उतरून पळायची. धर्माजीनं शेवटची मूठ टाकली, पिशवी बांधली. सासूबाई त्याला म्हणाल्या, "दृष्ट काढलेलं मीठ घरात ठेवू नये. खाडीत सोडून दे हो." तो म्हणाला, "हां, मायबाय." पिशवी खांद्यावर टाकली आणि खाडीच्या वाटेनं गेला. यमू त्याच्यामागे धावली, मी तिला धरून आणलं.

मग वर्षं गेली. सासूबाई गेल्या. धर्माजी कधी दोन-तीन वर्षांनी यायचा, यमूला पाहायचा, मला "भरली" असं सांगायचा. यमूचं लग्न झालं तेव्हा नवरदेवाकडे खालपासून वरपर्यंत पाहून त्यानं मला कानात विचारलं, "जावई किती भरल?" मी म्हटलं, "आकडा बोलायचा नसतो ना?" तो इतका हसला की वऱ्हाडातली माणसं वळून पाहू लागली. तीच आमची शेवटची भेट.

आता गाठोडं. नारायणाला गूळपाणी दिलं, तो जरा निवला, तेव्हा मी गाठ सोडली. आत मांजरपाटाची पिशवी होती. पिवळी पडलेली, शिवण दोन ठिकाणी नवी. मी ती ओळखली, पण खरं वाटेना. "ही तर त्यानं खाडीत..." मी म्हटलं. नारायण मान हलवीत होता. "नाय सोडली बाबानं. वळचनीला टांगून ठेवलेली. दर चैत्राला काढायचा, मीठ उन्हात घालायचा, मग तोलायचा. कमी भरलं तर मूठभर टाकायचा. पुन्ना टांगायचा. आई ओरडायची, कशाला ठेवलंय? तर बोलायचा, पोर सासरी गेलं, पन तिचं वजन आपल्याकडं हाय." यंदा चैत्राची वाट न पाहता त्यानं आधीच तोलून, भरून ठेवली होती, आणि चांगुणेला सांगितलं होतं, बायकडं पोचवा.

यमू आत होती. ती पनवेलहून महिन्याभरासाठी माहेरी आली आहे आणि या महिन्यात मी तिच्या तोंडून एकच विषय ऐकते आहे. तिचा मुलगा चौदा महिन्यांचा झाला, उभा राहात नाही. नणंदेचा मुलगा दहाव्या महिन्यात चालला. वैद्य, गुटी, पांगुळगाडा. रोज सकाळी त्याचे दंड चाचपते आणि माझ्याकडे पाहते. मी तिला किती सांगितलं की तूही अशीच होतीस. पण स्वतःचं लहानपण कोणाला आठवतं? ऐकून विश्वास बसत नाही, हे मला माझ्यावरूनच ठाऊक आहे.

मी पिशवी उचलून डाव्या कडेवर घेतली. कशी घेतली ते कळलंच नाही, हात आपोआप खालून गेला. आणि काय सांगू... ते ओझं माझ्या कमरेला ओळखीचं होतं. अडीच वर्षांची यमू जशी बसायची तशीच ती पिशवी बसली. माझे डोळे भरून आले. नारायण दुसरीकडे पाहू लागला. मग मी खाली वाकून तेलानं माखलेल्या नातवाला उजव्या कडेवर घेतलं आणि ओटीवर ताठ उभी राहिले. यमू दारात आली आणि म्हणाली, "आई, हे काय? पिशवी काय कडेवर घेतलीस?"

"ही तू आहेस," मी म्हटलं. "अडीच वर्षांची. धर्माजीनं ठेवली होती."

तिला काही कळलं नाही, पण माझा चेहरा पाहून ती जवळ आली. मी तिला पिशवी दिली. तिनं ती छातीशी धरली, थोडी झुलवली, आपल्या पोराला धरते तशी. बराच वेळ धरून उभी होती. नारायणानं तिला सगळं सांगितलं, नारळी पौर्णिमेचंही. ती हसली, आणि मग रडली, आणि मग मुलाकडे बघून पुन्हा हसली. "याचं किती भरतं, आई?" तिनं विचारलं.

"अजून तुझ्याएवढं नाही. येईल." तिनं पिशवी खाली टेकवली, नातवालाही मी खाली ठेवलं. तो ढुंगणावर घसरत, एक हात टेकीत, थेट पिशवीकडे निघाला आणि तिचं टोक तोंडात घालून चोखू लागला.

पिशवी आता माझ्या माजघरात खुंटीवर टांगली आहे. मृगाचा पाऊस लागला की ती ओलावेल, आणि जड होईल. यमूला मी ते आजच सांगून ठेवलं आहे.